खिचडी रोज शिजते, मग कुपोषण का जात नाही?

गावच्या पारावर शाळेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : "शाळा शिकायला असते की जेवायला?" दुसरा जरा पुढचा : "इतकी वर्षं खिचडी घालताहेत, मग मेळघाट, नंदुरबार, मोखाड्याचं कुपोषण अजून पेपरात येतंच कसं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आपल्याला वाटेत भेटेल. दुसरा प्रश्न मात्र नीट सोडवून पाहायला हवा, कारण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. शाळेतलं जेवण हे कुपोषणावरचं औषध, आणि औषध देऊनही रोगी उठत नसेल तर औषधच खोटं, अशी ती समजूत. खिचडी काय करू शकते, काय करू शकत नाही आणि जे करते ते कधी दिसतं, हे एकेक पायरी चढत पाहू.

१. भुकेलं मूल आणि कुपोषित मूल

ज्वारीची दोन शेतं डोळ्यांपुढे आणा. पहिल्या शेतात पीक गुडघ्याला लागलं आणि पंधरा दिवस पावसाने ओढ दिली. पानांनी माना टाकल्या. मग एक दमदार सर आली आणि दोन दिवसांत पीक पुन्हा तरारलं. दुसऱ्या शेतात उगवण झाल्या झाल्याच ओढ बसली. रोपं मेली नाहीत, पण पीक बसलं ते बसलंच. पुढे पाऊस बरा झाला तरी ताटं कमरेच्या वर गेली नाहीत आणि कणसंही बारीक भरली.

मुलांचंही असंच होतं. ज्या मुलाचं वजन त्याच्या उंचीच्या मानाने फार कमी, ते लुकडं मूल. आजार, उपासमार, पावसाळ्यातली हगवण अशा अलीकडच्या धक्क्याने ते वाळतं. वेळेवर खाणं आणि औषध मिळालं तर ते भरून येतं. अंगणवाडीताई दंडाला रंगीत पट्टी लावते ती अशा मुलांना हुडकायला. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल रंगावर येते. या मुलांना सरकारी भाषेत 'सॅम' म्हणतात, म्हणजे अतितीव्र कुपोषित.

ज्या मुलाची उंचीच वयाच्या मानाने कमी, ते खुजं मूल. पाच वर्षांची निरोगी मुलगी साधारण १०९ सेंटिमीटर उंच असते. शंभराच्या खाली राहिली तर तिची वाढ खुंटली असं मानतात. हे मूल आजारी दिसत नाही. खेळतं, हसतं. आई म्हणते, "आमच्याकडं सगळेच ठेंगणे." दुसऱ्या शेतातली ज्वारी ती हीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली आणि २५.६ टक्के लुकडी. देशाचे आकडे ३५.५ आणि १९.३. म्हणजे खुजेपणात आपलं श्रीमंत राज्य देशाच्या बरोबरीला, आणि लुकडेपणात देशाच्याही मागे.

आता भूक. पोट रिकामं झालं की भूक लागते आणि मीठ-मिरचीशी चार घास भात खाल्ला की ती शमते. पण शमलेली भूक आणि झालेलं पोषण यांत अंतर असतं. चुलीत चिपाडं घातली तर जाळ होतो, भिंत उभी राहत नाही. शरीराला जळणही लागतं आणि विटाही. पोटभर खाऊनही मूल कुपोषित राहतं ते विटा कमी पडल्यामुळे.

२. हजार दिवसांचा हंगाम

पीक बसतं ते उगवणीच्या वेळी. मुलाच्या उगवणीचा काळ मोजता येतो. आईच्या पोटातले सुमारे २७० दिवस, पहिल्या वर्षाचे ३६५ आणि दुसऱ्या वर्षाचे ३६५. बेरीज बरोबर एक हजार. उंचीचा पाया आणि मेंदूच्या जडणघडणीचा मोठा भाग याच काळात उरकतो. आई स्वतः अशक्त असेल, गरोदरपणात शेवटपर्यंत डोक्यावर ओझी वाहत असेल, बाळाला सहा महिने झाल्यावर वरचं खाणं उशिरा आणि पातळ मिळत असेल, गढूळ पाण्याने दर महिन्याला जुलाब होत असतील, तर पीक इथेच बसतं.

आता साधा हिशेब करा. मूल पहिलीत येतं सहाव्या वर्षी. हजार दिवसांचा हंगाम संपून तेव्हा चार वर्षं झालेली असतात. खुंटलेली उंची शाळेच्या खिचडीने भरून निघत नाही म्हणून खिचडीला दोष देणं म्हणजे पेरणीला न आलेल्या पावसाचा राग परतीच्या पावसावर काढणं.

त्या हजार दिवसांसाठी वेगळ्या योजना आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, ही त्यातली मुख्य. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना महाराष्ट्राने २०१५ मध्ये आणली. पेपरातल्या कुपोषणाच्या बातम्या बहुतेक याच वयाच्या मुलांच्या असतात. ती मुलं अजून शाळेच्या पायरीवर चढलेलीच नसतात.

३. मग सहाव्या वर्षी घास देऊन काय मिळतं?

डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरची सकाळ पाहा. आई-बाप उजाडताच मजुरीला गेलेले. मूल कोरा चहा पितं, रात्रीची भाकरी उरली असेल तर चहात बुडवून खातं, धाकट्याला कडेवर घेऊन थोडा वेळ फिरतं आणि साडेदहाला शाळेत येतं. अकरा वाजता गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडतात. मुलाचं लक्ष खिडकीकडे जातं, कारण तिथून फोडणीचा वास येतोय.

त्याला आळशी म्हणण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकटा खातो. घरात एकच खादाड पाहुणा असावा आणि रोजच्या शिध्यातला निम्म्याजवळचा त्यालाच लागावा, तसं. शिधा कमी पडला की सगळ्यात आधी तोच कुरकुरतो. रिकाम्या पोटी हातचा विसरतो तो यामुळे. पारावरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. शाळा शिकायलाच असते, म्हणून तिथे जेवावं लागतं.

दुसरा फायदा हजेरीचा. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांनी ग्रामीण उत्तर भारतातल्या शाळांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत जेवण मिळत असेल तर मुलींचं शाळेत येणं ठळकपणे वाढतं, असं त्यांना दिसलं. मुलीला घरी धाकट्याजवळ ठेवायचं की शाळेत धाडायचं, या घरोघरच्या तराजूत एका ताटाचं वजन पडतं आणि पारडं शाळेकडे झुकतं.

इथे चतुर वाचक विचारेल, "शाळेत जेवला म्हणून घरी आई त्याच्या वाटचं कमी करत असेल तर?" प्रश्न रास्त आहे. फरजाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत नेमकं हेच तपासलं. मुलांनी शाळेत काय खाल्लं आणि दिवसभरात एकूण काय खाल्लं, याचा त्यांनी ताळा घातला. शाळेतलं बरंचसं जेवण मुलाच्या खात्यात जादाच जमा होत होतं. आया घरचा वाटा कापत नव्हत्या.

४. ताटाची बेरीज

आता ताटात काय असतं ते मोजू. आधी दोन शब्द. अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजतात, ते जळण. प्रथिनं म्हणजे स्नायू, रक्त, कातडी बांधणाऱ्या विटा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. लहान मुलामागे शिधा ठरलेला आहे : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम.

शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३४५ कॅलरी आणि ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वीस ग्रॅम डाळीतून सुमारे ७० कॅलरी आणि साडेचार ग्रॅम प्रथिनं. पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलातून ४५ कॅलरी. भाजीतून थोड्या आणखी. बेरीज ४७० च्या आसपास जाते आणि प्रथिनं बारा भरतात. नियम कागदावर बरोबर बसतो.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे शाळेचं एक ताट दिवसाच्या जळणातला चौथा हिस्सा आणि विटांतला निम्मा हिस्सा देतं. अर्थात डाळ खरोखर वीस ग्रॅम पडली तर. वरण पातळ झालं की आधी विटा कमी होतात. भात तेवढाच राहतो, मूल पोटभर जेवल्यासारखं दिसतं आणि कमी पडलेलं कुणाच्या नजरेला येत नाही.

५. डाळ-भाताचा वारंगुळा

दोन गरीब शेतकरी. दोघांकडे एकेकच बैल. एका बैलाने नांगर ओढला जात नाही, म्हणून दोघं बैल एकत्र करतात आणि आळीपाळीने दोन्ही शेतं नांगरतात. याला वारंगुळा म्हणतात. डाळ-भाताचंही तेच आहे. प्रथिनं लहान लहान घटकांची बनलेली असतात आणि त्यातले काही शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. लायसिन नावाचा असा एक घटक तांदळात कमी आणि डाळीत भरपूर. डाळीत ज्याची उणीव, तो घटक तांदळात पुरेसा. दोन्ही एका पातेल्यात शिजले की जोडी पूर्ण होते. आजीबाईच्या खिचडीमागचं शास्त्र एवढंच.

काही गोष्टी मात्र या जोडीतही थोड्याच असतात. पहिली लोह, ज्याच्यावाचून रक्त फिकं पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. पालेभाज्या आणि कडधान्यांत लोह असतं, पण शरीर ते सहजासहजी घेत नाही. ताटात लिंबाची फोड पिळली तर ते जास्त शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी. मटकीला मोड आणले तर लोह अडवून धरणारी द्रव्यं घटतात आणि क जीवनसत्त्व वाढतं. मोड आणायला जादा पैसा लागत नाही, फक्त आदल्या दिवशी आठवण लागते.

लोहासाठीच अलीकडे शाळेच्या तांदळात वेगळे दाणे मिसळलेले येतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ कालवून यंत्राने पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. धुताना यातले काही दाणे वर तरंगतात. "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून खिचडी शिजवणाऱ्या मावशी ते निवडून फेकतात आणि ज्या दाण्यासाठी सगळा खटाटोप केला तोच उकिरड्यावर जातो. हे कुणी चुलीपाशी बसून समजावून सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी कमतरता कॅल्शियमची. त्यावर आपल्या डोंगरातलंच उत्तर आहे, नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. आणि तिसरी गोष्ट उत्तम प्रतीच्या प्रथिनांची. एका अंड्यात ती सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे पूर्ण ताटातल्या प्रथिनांच्या निम्मी. शिवाय उकडलेल्या अंड्यात पाणी घालून ते वाढवता येत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं देणं सुरू केलं. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा सरकारी निधी थांबला आणि ते लोकवर्गणीतून द्यावं असं ठरलं. ज्या पाड्यावर वर्गणी निघण्याइतका पैसा आहे तिथल्या मुलांना अंड्याची गरज सगळ्यात कमी असते, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

६. त्यापेक्षा घरी तांदूळ का देत नाहीत?

हा प्रयोग करून झालेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रीय योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट टाळली आणि महिन्याला तीन किलो धान्य मुलाच्या हाती दिलं. महाराष्ट्रातही तेच झालं. तीन किलोची पिशवी घरी गेली की काय होतं? महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला शंभर ग्रॅम. घरात पाच तोंडं असतील तर मुलाच्या ताटात वीस ग्रॅम, जेमतेम दोन चमचे. आईचं यात काही चुकत नाही, तिला पाचही जणांना वाढायचं असतं. शिवाय तांदळासोबत डाळ नव्हती, तेल नव्हतं. जोडीतला एकच बैल.

शिजवलेल्या अन्नाचा रस्ता तमिळनाडूने आधीच दाखवला होता. मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकात काही शाळांत जेवण सुरू केलं होतं. कोवळ्या वयात शाळा सोडावी लागलेले कामराज मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी १९५६ मध्ये ते राज्यभर नेलं. १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ते कितीतरी मोठं केलं तेव्हा 'तिजोरी रिकामी होईल' अशी टीका झाली. तिजोरी टिकली आणि योजनाही टिकली.

उरलेल्या देशाला जाग आणली ती २००१ च्या दुष्काळाने. राजस्थानात माणसं उपाशी होती आणि सरकारी गोदामांत धान्य कुजत होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने बजावलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरींचं. महाराष्ट्राच्या खेड्यांत २००३ पासून चुली पेटू लागल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरलं. २०२१ मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं, तेव्हा तिच्या कक्षेत ११.२० लाख शाळा आणि ११.८० कोटी मुलं होती. गावात मात्र अजून सगळे 'खिचडी'च म्हणतात.

७. चूल कोण पेटवतं?

चाळीस पटाची दोनशिक्षकी शाळा घ्या. नियमाप्रमाणे पंचवीस मुलांपर्यंत एक आणि शंभरपर्यंत दोन स्वयंपाकी-मदतनीस. त्यातली एक मावशी साडेनऊला येते, गोणीतून चार किलो तांदूळ मोजते आणि दारात बसून सुपात निवडते. आठशे ग्रॅम डाळ भिजत घालते. दुसरी हातपंपावरून पाच-सहा खेपा पाणी आणते. सिलिंडर संपलेला असला तर तीन दगडांची चूल, आणि पावसाळा असला तर ओलं जळण. फुंकून फुंकून डोळे लाल होतात. एकच्या सुमारास घंटा होते. मुलं दप्तरातून ताटल्या काढतात, पंपाखाली हात घासतात आणि ओळीने बसतात. चार घास खाऊन एखादी मुलगी हळूच ताटलीवर ताटली झाकते. बाहेर तिचा धाकटा भाऊ उभा असतो.

या मावशींना महिन्याला किती मिळतं? केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले हजार रुपये केंद्राच्या हिशेबात आजही हजारच आहेत. राज्यांनी पदरचे घातले म्हणून महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर २,५०० झाले. तेही वर्षातले दहा महिने. कामाचे पंचवीस दिवस धरले तर रोजचे शंभर रुपये. त्याच गावात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मावशीचं काम चार-पाच तासांचं असतं हे खरं, पण ते दुपारच्या मधोमध येतं, त्यामुळे दुसरा रोज धरता येत नाही.

आणि शिध्याचे पैसे? तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण यांसाठी मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. चाळीस मुलांचे २७१ रुपये २० पैसे होतात, ओढूनताणून भागतं. बारा मुलांच्या वस्तीशाळेत होतात ८१ रुपये ३६ पैसे. मुलं कमी म्हणून डाळ कमी लागते, पण चूल पेटवायला जळण फारसं कमी लागत नाही आणि बाजारही जवळ येत नाही. माणशी एकच दर लावला की सर्वांत दुर्गम, सर्वांत लहान आणि सर्वांत गरजू शाळा सर्वांत तोट्यात जाते.

हलगर्जीची किंमत काय असते, ते १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात दिसलं. कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं आणि नोंदवहीत सही करायची, या नियमाकडे तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष गेलं. चव रोज घेतली जाते की महिन्याच्या सह्या एकाच बैठकीत होतात, हे वहीतली शाईच सांगते.

८. पंगत

या ताटात कॅलरीत न मोजता येणारी एक गोष्ट असते, शेजारी कोण बसलंय ती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या शिध्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रही. शिक्षण आणि पंगत यांची ही जोड महाराष्ट्राला नवी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यायला सांगितलं. त्यानंतर देशाच्या वेगवेगळ्या भागांतून 'तिच्या हातचं आमची मुलं खाणार नाहीत' असे आवाजही उठले. ते मोठ्यांचे आवाज होते. ओळीत बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला खिचडीत मीठ किती आहे एवढंच कळतं. ते अजाणपण जितकी वर्षं टिकेल तितकं बरं.

९. दोन पिढ्यांची खिचडी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हजार दिवसांचा हंगाम शाळेआधीच संपतो, हे आपण पाहिलं. मग शाळेतल्या जेवणाचा खुजेपणाशी संबंधच नाही? आहे, पण तो या मुलाच्या अंगावर दिसत नाही.

भावासाठी ताटली झाकणाऱ्या, दुसरीत बसलेल्या त्या मुलीचा पुढचा प्रवास पाहा. जेवणामुळे ती रोज शाळेत येते. रोज आल्यामुळे एखाद-दोन इयत्ता जास्त शिकते. शिकत राहिल्यामुळे लग्न थोडं पुढे जातं. आठवीपर्यंत शाळेत एक बरं जेवण मिळाल्याने अंगात थोडं रक्त, थोडी उंची जास्त असते. ती आई होते तेव्हा तिच्या पोटातल्या बाळाचे हजार दिवस सुरू होतात, आणि या वेळी पेरणीला पाऊस असतो.

ही नुसती कल्पना नाही. सुमन चक्रबर्ती आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या सर्वेक्षणांची आकडेवारी जुळवून २०२१ मध्ये एक अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लहानपणी शाळेत जेवण मिळालेल्या मुलींची आणि न मिळालेल्यांची, मोठेपणी झालेली मुलं त्यांनी तपासली. पहिल्या गटातल्या आयांची मुलं वयाच्या मानाने उंच निघाली. २००६ ते २०१६ या दहा वर्षांत भारतातल्या मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणजे पारावरचे लोक खिचडीचा हिशेब चुकीच्या वहीत शोधत होते. आज खाणाऱ्या मुलीच्या वजनकाट्यावर थोडंच दिसेल. उरलेलं पंधरा-वीस वर्षांनी तिच्या लेकराच्या उंचीपट्टीवर दिसेल.

१०. पाचातलं एक जेवण

तरीही फुशारकी नको. एक शेवटचा हिशेब. दिवसाची तीन जेवणं धरली तर वर्षाची १,०९५. शाळा साधारण २२० दिवस भरते, म्हणजे शाळेत २२० जेवणं. पाचातलं एक. उरलेली चार घरच्या चुलीवर अवलंबून, आणि त्या चुलीत काय शिजतं ते मजुरी, रेशन आणि पावसावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची चूल थंड असते. दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्या, असं न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासात दुष्काळाने लहानपणीच मागे पडलेली मुलं शाळेच्या जेवणाने बरीच सावरलेली दिसली होती. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर उसाच्या फडावर किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचं नाव पटावर राहतं, ताट मात्र राहत नाही. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ती वेळेवर उघडली तरच उपयोगाची.

आणि हंडा गळका असेल तर पाणी ओतून भागत नाही. पोटात जंत असतील तर आधी तेच जेवतात. म्हणून वर्षातून दोनदा शाळेत जंतनाशक गोळी देतात. स्वच्छ पाणी, संडास आणि साबण यांवाचून ताटातलं बरंच वाया जातं.

वाचक म्हणून तुम्ही काय करू शकता? गावी गेलात की दुपारी एकला जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकवा. परवानगी घेऊन चमचाभर खिचडी चाखा. डाळ दिसते का बघा, चवीची वही उघडून बघा आणि मावशींना शेवटचं मानधन कधी मिळालं ते विचारा. तुमचं मूल त्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हेच प्रश्न लिहून द्या. सलग तीन दिवस किंवा महिन्यातले पाच दिवस जेवण शिजलं नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागते, असं या योजनेच्या २०१५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तो नियम कुणीतरी विचारल्याशिवाय वहीतून बाहेर येत नाही.